परसांतील चोर व अनोळखी पाहुणे

पावसाळा सरतां सरतां आपल्या परसांत दोन गोष्टी हटकून घडतात. आपण लावलेलीं रोपें कोणीतरी खाऊन जातो आणि खाणारा दिसत नाहीं. व आपण न लावलेलें एखादें रोप कोठून तरी उगवतें आणि तें कशाचें तें कळत नाहीं. पहिला चोर, दुसरा पाहुणा. या दोघांची ओळख कशी पटवावी हा या धड्याचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु ज्या घरीं आठवड्यांतून एकदांच बाजार होतो आणि मधल्या दिवसांत परसांतलें वांगें किंवा चवळीची शेंग हेंच कोरड्यास असतें, त्या घरास तो लहान नाहीं.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांमागें माझ्या चवळीवर मावा पडला. कोंवळे शेंडे काळ्या बारीक किड्यांनीं भरून गेले. त्या गर्दींत काळसर रंगाच्या, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या, सुसरीच्या पिलासारख्या दिसणाऱ्या कांहीं अळ्या मला फिरतांना दिसल्या. त्यांचें रूप उग्र. तेव्हां याच मुख्य चोर असें ठरवून मीं त्या एकेक वेंचून चिरडल्या. आठ दिवसांत वेल माव्यानें काळी झाली. पुढें शेतकी शिकलेल्या एका शेजाऱ्यानें वेल पाहिली व हंसून म्हटलें, "पाळकसाहेब, तुम्हीं चोर सोडून पहारेकरी मारलेत." त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. ठिपक्यांचा जो लहानसा गोल, चकचकीत किडा मुलें हातावर चालवितात, त्याचें बालपण असें दिसतें, आणि त्याचा मुख्य आहार मावा हाच असतो. तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे: खातांना प्रत्यक्ष पाहिल्यावांचून, किंवा खुणेवरून खातरी झाल्यावांचून, कोणासही शिक्षा करावयाची नाहीं.

आतां खुणा कशा वाचाव्या तें पाहूं. कीटकांचे तोंडावरून दोन वर्ग पडतात. एका वर्गास जबडे असतात. तो चावतो, म्हणून पानास भोंकें पडतात किंवा कडा जातात. दुसऱ्यास सुईसारखी सोंड असते. तो रस शोषतो, म्हणून पान अखंड राहतें, पण पिंवळें पडतें, आखडतें किंवा चिकट होतें. एवढा एक भेद ध्यानांत ठेविला तरी अर्धा तपास झाला. मग नुकसान कोंवळ्या पानांवर आहे कीं जुन्या, आणि तें रात्रीं होतें कीं दिवसां, हें पाहावें.

समजा, सकाळीं वाफ्यांत गेलों तों कालचीं तरतरीत मिरचीचीं रोपें आडवीं पडलेलीं आढळलीं. लगेच हळहळ न करितां एक रोप उचलून त्याचें बूड पाहावें. बूड कात्रीनें कापल्यासारखें तुटलेलें आणि वरचा भाग ताजा हिरवा असेल, तर तें काम कुरतडणाऱ्या अळीचें. ही रात्रीं बाहेर येते व दिवसां मातींत दडते. तुटलेल्या रोपाभोंवतीं बोटानें इंच-दोन इंच माती उकरावी. मातकट रंगाची गुबगुबीत अळी अंग वळवून कड्यासारखी पडलेली सांपडते. पुढची व्यवस्था कोंबडीकडे सोंपवावी. परंतु बूड तुटलेलें नसून मऊ, तपकिरी व दोऱ्यासारखें बारीक झालें असेल, तर तेथें अळी शोधणें व्यर्थ होय. तो बुरशीचा रोग आहे. दाट पेरणी व फार पाणी यांमुळें तो बळावतो. रोपें विरळ करावीं, वाफा उंच करावा, पाणी सकाळीं व बेतानें द्यावें. म्हणजे पाहा, एकाच सकाळीं दोन घरीं रोपें आडवीं पडतात. एका घरीं माती उकरावयाची, दुसऱ्या घरीं पाणी तोडावयाचें. औषधाच्या दुकानांत मात्र पुष्कळदां दोघांच्याही हातीं एकच बाटली पडते.

रोप वेडेंवांकडें खाल्लेलें असून पानावर, दगडावर किंवा भिंतीवर वाळलेली चकचकीत रेघ दिसली, तर ती गोगलगाईची वाट समजावी. ही चोरटी पावसाळ्यांतली व रात्रींची. कंदील घेऊन गेल्यास सांपडते. आपल्याकडे जी मोठी शंखी गोगलगाय दिसते ती मूळची पूर्व आफ्रिकेंतली. १८४७ सालीं विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकानें ती कलकत्त्याच्या एका बागेंत सोडली, अशी नोंद आहे. तेथून ती देशभर पसरली, आणि २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें इतकीं खाल्लीं कीं कित्येक शेतकऱ्यांस दुबार पेरणी करावी लागली. परसापुरता उपाय सोपा आहे. गुळाच्या पाण्यांत भिजविलेलें गोणपाट सायंकाळीं वाफ्याशेजारीं अंथरावें. पहाटे तिच्याखालीं आसऱ्यास आलेल्या गोगलगाई गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. उघड्या हातानें मात्र त्यांस धरूं नये. त्यांच्या अंगांत माणसास बाधणारे सूक्ष्म जंत असूं शकतात.

पानांस भोंकें पडलीं असून खाणारा दिसत नसेल, तर वर न पाहतां खालीं पाहावें. खालच्या पानावर काळपट बारीक गोळ्या पडलेल्या असतील तर ती अळीची विष्ठा, आणि अळी बरोबर तिच्या वर कोठें तरी बसलेली असते. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या झाडावर हा खेळ मुलांस अवश्य दाखवावा. तेथली लहान अळी पांखराच्या विष्ठेसारखी काळीपांढरी दिसते, म्हणून नजर तिच्यावर ठरत नाहीं. मोठी झाली कीं पानासारखी हिरवी होते. काडीनें हलकेंच डिवचतांच ती डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलें शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. ती पुढें सुंदर फुलपांखरूं होते. मोठ्या झाडावर दोन-चार असल्यास मी त्यांस राहूं देतों. रोप हातभर असेल तर मात्र वेंचून काढतों.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेस नाण्यानें आंखून कापावें तसा साफ अर्धगोल पडला असेल, तर तो पान कापणाऱ्या माशीचा. ती तो तुकडा खात नाहीं. घरटें लिंपण्यास नेते. ही मधमाशीच्याच कुळांतली, फुलांस फळ धरविणारी कामकरीण आहे. तिला क्षमा असावी. उलट वांग्याचें पान जाळीसारखें झालें, म्हणजे शिरा राहून मधला हिरवा गर खरवडला गेला, तर पानाखालीं पिंवळ्या, कांटेरी केसांच्या अळ्या पाहाव्या. गंमत अशी कीं, हिचा किडा माझ्या त्या पहारेकऱ्याचा चुलतभाऊ आहे. तोही गोल व ठिपक्यांचा. पण पहारेकरी चकचकीत असतो, हा फिका व अंगावर बारीक लव असलेला. पिंवळ्या अंड्यांचे पुंजके असलेलीं पानें खुडून टाकिलीं म्हणजे बहुतेक काम होतें.

शोषणाऱ्या किड्यांचा तपास अधिक नाजूक आहे, कारण ते फार लहान. मिरचीचीं पानें आखडलीं कीं आपले लोक सरसकट बोकड्या म्हणतात. परंतु पान कोणत्या बाजूस वळलें आहे तें पाहावें. कडा वर वळून पान होडीसारखें झालें तर बहुधा फुलकिडे. कडा खालीं वळून उलट्या होडीसारखें झालें तर बहुधा कोळी. कोळी हा कीटक नव्हेच. त्यास आठ पाय असतात, आणि कीटकांवरचीं पुष्कळ औषधें त्याच्यावर चालत नाहींत. खातरी करावयाची तर शेंड्याखालीं पांढरा कागद धरून शेंडा झटकावा. कागदावर जें धांवूं लागेल तें पाहावें. भेंडीच्या पानांच्या कडा पिंवळ्या पडून वर वळल्या तर तुडतुडे. परंतु हिरव्या पानांतल्या शिराच पिंवळ्या होऊन जाळें दिसूं लागलें तर तो हळद्या रोग. पांढरी माशी तो एका झाडाचा दुसऱ्यास देते, आणि लागलेलें झाड बरें होत नाहीं. तें उपटून टाकण्यांतच इतरांचें कल्याण आहे. झाडावर मुंगळ्यांची ये-जा वाढली असेल तरी मुंगळ्यांवर रागावूं नये. ते माव्याच्या अंगांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठीं येतात. पानांवरची काळी काजळी त्याच रसावर वाढते.

वांग्याचा चोर सर्वांत लबाड. तरतरीत झाडाचा एकच शेंडा माना टाकतो. आपण म्हणतों, ऊन लागलें. वास्तविक अळी त्या शेंड्याच्या आंत असते. तो शेंडा वाळलेल्या भागाच्या खालपर्यंत कापून जाळावा. असें केलें नाहीं तर तिची पुढची पिढी फळांत शिरते. फळावर आपणांस जें भोंक दिसतें तें बहुधा ती बाहेर गेल्याचें. शिरतांनाचें भोंक इतकें लहान असतें व विष्ठेनें असें बुजतें कीं तें दिसतच नाहीं. म्हणून भोंक पाहून फवारा मारणें म्हणजे चोर गेल्यावर दाराला कुलूप लावणें होय.

कित्येक वेळां चोर मुळींच नसतो. टोमॅटोच्या बुडाशीं काळा, चपटा, चामड्यासारखा डाग पडतो. त्यांत अळी नसते. एक दिवस कोरडें व एक दिवस पूर असें पाणी दिल्यानें फळास चुना नीट पोंचत नाहीं, म्हणून तो पडतो. नियमित पाणी व बुडाशीं पालापाचोळ्याचें आच्छादन हेंच त्याचें औषध. जुनीं पानें खालून पिंवळीं पडत गेलीं तर बहुतेक भूक आहे, शेणखत द्यावें.

हें सर्व इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण आहे. परसांतली भाजी सकाळीं खुडून दुपारीं ताटांत येते. शेतांतल्या पिकाप्रमाणें मध्यें दिवस जात नाहींत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों लोकांस दवाखान्यांत न्यावें लागलें. तीं औषधें मोकळ्या शेतांतलीं. तींच कोणी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीं मारावीं हें मला पटत नाहीं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिंवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासही रंग कळतो, म्हणून तो छापलेला आहे. परसास निंबोळीचा अर्क बहुधा पुरतो. निंबोळीच्या गिरीची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, फडक्यानें गाळावी, चिमूटभर साबण विरघळवून सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूस फवारावी. पहिल्याच दिवशीं किडे मरून पडत नाहींत. त्यांचें खाणें व वाढ मंदावते. उतावळ्या माणसास हें औषध लागू पडत नाहीं.

आतां पाहुण्यांकडे वळूं. अनोळखी रोप दिसलें कीं तें कोठें उगवलें आहे तें प्रथम पाहावें. मोरीच्या पाण्याच्या पाटांत टोमॅटो व मिरची उगवते, उकिरड्यावर भोपळा, शेळ्या बसतात तेथें बाभूळ, पांखरें बसतात त्या फांदीखालीं कडुनिंब व चंदन, आणि भिंतीच्या फटींत पिंपळ. स्थळावरून अर्धें नांव कळतें.

पहिलीं दोन पानें पाहून मात्र निकाल देऊं नये. तीं बीजदलें होत; बियांत घडी करून ठेविलेली शिदोरीच ती, आणि अनेक झाडांचीं तीं जवळ जवळ सारखीं दिसतात. खरें पान तिसरें. तें आलें म्हणजे देंठ मोडून चीक येतो काय तें पाहावें, पान चुरगळून वास घ्यावा, खोड बोटांत फिरवून पाहावें. खोड चौकोनी लागलें तर तुळस-सब्जाचें कूळ असूं शकतें. पण चौकोनी खोडास खरखरीत कांटे व उग्र वास असेल तर ती घाणेरी. पपई व एरंड लहानपणीं घोंटाळ्यांत पाडतात: पपईस पांढरा चीक येतो, एरंडास येत नाहीं. एरंडाच्या बिया विषारी असतात. मुलांच्या खेळण्यांत त्या येऊं देऊं नयेत. दुसरी एक युक्ति मला फार उपयोगी पडली. ज्या बिया आपण पेरल्या, त्यांतल्या चार नारळाच्या करवंटींत वेगळ्या पेरून वर तारीख लिहून ठेवावी. वाफ्यांत काय उगवलें याची शंका आली कीं करवंटीशीं ताडून पाहतां येतें, आणि खुरपणाऱ्या मुलाच्या हातून भाजी उपटली जाऊन तण राहत नाहीं.

ज्याची ओळख पटत नाहीं तें उपटण्याची घाई करूं नये. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतलें निदण आपणां सर्वांस ठाऊक आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मतें तें गव्हांत उगवणारें असें एक गवत आहे, कीं तें रोपपणीं गव्हाहून वेगळें काढतां येत नाहीं व लोंबी आल्यावरच ओळखूं येतें. परंतु हा नियम सर्वांस लावूं नये. गाजरगवतास फुलावयास दिलें तर एका झाडाच्या हजारों बिया पडतात. याची भारतांतली पहिली शास्त्रीय नोंद १९५६ सालीं पुण्याहून झाली, आणि आज त्याच्यावांचून एकही गांव नाहीं. लहान रोप जमिनीस चिकटून चक्रासारखें पसरतें. पानें गाजराच्या पानांसारखीं चिरलेलीं, पण चुरगळल्यास गाजराचा वास येत नाहीं. हातास फडकें गुंडाळून फुलापूर्वींच मुळासह उपटावें, कारण त्यानें कित्येकांच्या अंगास खाज व दम्याचा त्रास होतो. त्याचीं पानें कोणी खाल्लेलीं दिसलीं तर मात्र आनंद मानावा. पिंवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला एक मेक्सिकोचा भुंगेरा याच कामासाठीं १९८४ सालीं बंगळूरकडे सोडण्यांत आला. तो आतां आपल्याकडेही आढळतो.

आणि ओळख पटल्यावांचून कोणतेंही रोप भाजींत घालूं नये, हें मी गृहिणींस व विशेषतः नव्यानें संसार मांडलेल्या मुलींस आग्रहानें सांगतों. धोतरा हा वांग्या-टोमॅटोच्याच कुळांतला. त्याचें रोप त्यांच्या वाफ्यांत सहज मिसळतें, आणि त्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. पान चुरगळल्यास घाण वास येतो. त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. खाणाऱ्याचें तोंड कोरडें पडतें, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात व माणूस बरळूं लागतो. अशा वेळीं घरगुती उपाय न करितां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें, आणि ज्या झाडाचा संशय असेल त्याची डहाळी बरोबर न्यावी. डॉक्टरांचा वेळ वांचतो. घोळीच्या भाजींतही असाच एक सोबती येतो. जमिनीलगत पसरणारी, लहान पानांची नायटी घोळीशेजारींच उगवते. घोळीचें खोड रसाळ असून मोडल्यास पाणी येतें. नायटीचें मोडल्यास पांढरा चीक. प्रत्येक जुडी खुडतांना एक देंठ मोडून पाहण्यास कितीसा वेळ लागतो?

उकिरड्यावर आपोआप आलेल्या दुधीभोपळ्याविषयीं एक शब्द. रोपावरून त्याचें फळ गोड कीं कडू तें कळत नाहीं. फळ आल्यावर एक चकती जिभेस लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी आणि तें फळ शिजवूंही नये व त्याचा रसही काढूं नये. कडू दुधीचा रस पिऊन माणसें दगावल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें हाच इशारा दिला. तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कडू म्हणजे औषधी, ही आपल्या लोकांची समजूत येथें जिवावर बेतते.

माझ्या ओट्यावर सध्यां तेलाच्या जुन्या डब्यांत एक पाहुणा आहे. कडुनिंबाखालीं सांपडला. पानें समोरासमोर, कडा सपाट, चीक नाहीं, विशेष वास नाहीं. चंदन असावें असा माझा तर्क. आमच्या घरीं मात्र तें कुंपणाचें रान समजून केरांत जाणार होतें. चंदनाच्या मुळ्या शेजारच्या झाडाच्या मुळ्यांतून पोषण घेतात, एकट्यानें तें नीट वाढत नाहीं; म्हणून त्याच डब्यांत मीं तुरीचे दोन दाणे टोंचले आहेत. तूर वर आली आहे. पाहुण्यानें गेल्या आठवड्यांत पानांची चौथी जोडी काढली.